चिप चुकली नव्हती, विनायक

विनायक, तू गेल्यापासून दुकानात येणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो. "ताई, आता मशीन बिघडलं तर कोणाला बोलवायचं?" मी त्यांच्याच मशीनचं झाकण उघडून, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेली असते. तरी विचारतात. मी म्हणते, मला बोलवा. इतकी वर्षं येत मीच होते. बोलायचा तो.

मग ते जरा ओशाळतात. "ते खरं हो, पण माणूस काय बोलायचा!" असं म्हणून उसासा टाकतात आणि बिल न विचारता निघून जातात.

माझं तुझ्याशी भांडण आहे ते नेमकं या बोलण्यावरून. नको तिथे तू बोललास, नको ते बोललास, आणि जिथे जाऊन एक वाक्य बोलायचं होतं तिथे जायला तुला सवड झाली नाही. आता तर प्रश्नच मिटला. निदान तुझ्या बाजूने मिटला. माझ्या बाजूने मिटलेला नाही. माणूस मेला की त्याच्याशी चाललेलं भांडण आवरतं घ्यावं अशी रीत असेल, पण तू जिवंत असताना कुठली रीत पाळलीस की मी आता पाळू?

तुझे उपकार आधी सांगून टाकते, म्हणजे नंतर हात मोकळा राहील.

आपण दोघांनी भागीदारीत बोईसरला नवीन दुकान टाकलं तेव्हाची गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचा कॉम्प्युटर बंद पडला होता. गेटवरच्या रखवालदाराने मला अडवलं. "लेडीज अंदर नहीं. ऑफिस में बैठो, साहब को भेजो." मी भांडायच्या तयारीत होते. तू माझ्या खांद्यावरची हत्यारांची थैली काढून स्वतःच्या खांद्यावर अडकवलीस आणि म्हणालास, "भैया, इंजीनियर ये हैं. मैं तो थैला उठाता हूँ." आत मॅनेजर सारखा तुझ्याकडे बघून प्रश्न विचारत होता आणि तू प्रत्येक वेळी मान हलवत होतास. "मला नका विचारू साहेब, मी हमाल." मशीन सुरू होईपर्यंत तू उभा राहिलास, मागेन ते हातात देत. ही गोष्ट वसाहतभर झाली. त्यानंतर एकाही गेटवर मला कोणी अडवलं नाही.

तुझ्या एका वाक्याची ही ताकद होती. मी ती विसरलेली नाही, आणि म्हणूनच तुला माफ करत नाहीये. आपल्या शब्दाने काय उघडतं आणि काय बंद होतं हे मला कळलंच नाही, असं तुला म्हणता यायचं नाही.

नव्या प्रोसेसरचं प्रकरण सुरू झालं ते पालघरच्या कॉम्प्युटरवाल्या कदममुळे. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधली गणित करणारी चिप. नवी चिप निघाली आणि आपल्या भागात ती पहिल्यांदा आणली कदमने. जाहिरात केली, पेढे वाटले. तुला ते पेढे गोड लागले नाहीत. त्याच सुमाराला तू सुटे भाग आणायला मुंबईला गेलास आणि येताना बातमी घेऊन आलास की नवी चिप भागाकारात चुकते.

बातमी खोटी नव्हती, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. मासिकात आलं होतं, मी तुझ्या आधी वाचलं होतं. अगदी ठरावीक आकड्यांचा भागाकार केला तर दशांश चिन्हाच्या पुढे कुठेतरी लांब एखादा आकडा चुकायचा. पगारपत्रकं काढणाऱ्या, मालाचा साठा मोजणाऱ्या माणसाला ती चूक उभ्या जन्मात भेटली नसती. पण तू सांगत होतास ते हे नव्हतं. वसाहतीच्या नाक्यावर चहाच्या टपरीवर तू काय सांगत होतास ते मी स्वतः ऐकलंय.

"सुना है नया कंप्यूटर हिसाब में गड़बड़ करता है?" एका फिटरने तुला विचारलं.

"गड़बड़? अरे, भागाकार आया कि उसको चक्कर आता है."

"मतलब?"

"मतलब तेरा ओवरटाइम. घंटे गिनते-गिनते बीच के मिनट खा जाता है."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मिनट खा जाता है?"

"चुपचाप," तू म्हणालास. "आवाज भी नहीं करता."

टपरीवर हशा झाला, पण तो फिटर हसला नाही. ज्या कारखान्याने कदमकडून मशीन घेतलं होतं तिथल्या कामगारांनी पगारपत्रक हाताने करा म्हणून गेटवर ठिय्या दिला. दोन कारकून बिचारे कॅल्क्युलेटर घेऊन सगळा पगार पुन्हा मोजत बसले. चूक एकच सापडली, ती त्यांच्यातल्याच एकाची होती. पण तोवर बातमी पार पुढे गेली होती. मच्छी बाजारात एकीने मला विचारलं, "मॅडम, त्या नव्या कॉम्प्युटरजवल बसलं का डोकं फिरतं, ते खरं हाय का?" मी तिला म्हटलं, मशीनमुळे नाही फिरत, ते विकणाऱ्या माणसांमुळे फिरतं.

मी तुला म्हणाले होते, हे बंद कर. तू म्हणालास, "खरं आहे ना पण?" मी म्हणाले, खरं आहे, पण तू सांगतोस ते नाही. "लोकांना समजेल असं सांगतो," तू म्हणालास. हे तुझं नेहमीचं. लोकांना समजेल असं सांगता सांगता गोष्टच बदलून जायची आणि तुला ते कळायचंही नाही. की कळायचं?

मग कदमने हात टेकले. नव्या चिपला आपल्याकडे गिऱ्हाईक उरलं नाही, मुंबईचा व्यापारी मशीनं पडत्या भावात द्यायला लागला, आणि घेतली कोणी? आपण. भाव तूच पाडलास आणि विकत तूच घेतलंस. मी तोंड उघडायच्या आत व्यवहार झाला होता. त्याच टपरीवर, बहुतेक त्याच बाकावर बसून तू सांगायला लागलास, "ते जुन्या खेपेत होतं हो. आता नाही. अफवा आहेत सगळ्या." लोकांनी तेही ऐकलं. तुझं ऐकायची त्यांना सवयच होती.

ते मशीन दुकानात आलं तेव्हा मी मासिकात दिलेला भागाकार त्यावर करून पाहिला. उत्तर बरोबर आलं. म्हणजे चिप सुधारलेल्या खेपेतली होती. नशीब तुझं. पण दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती चिप भयंकर तापत होती. जुन्या चिपना कधी लागला नव्हता, पण हिच्या डोक्यावर बनवणाऱ्यांनी खास एक छोटा पंखा बसवला होता. मी तुला बोलावून दाखवलं. "विनायक, हे गरम होतं. बसवशील तिथे मागची बाजू मोकळी ठेव. याला हवा लागते." तू म्हणालास, "हो हो." तुझं हो हो!

आणि ते मशीन गेलं कुठे, तर कापड रंगवण्याच्या कारखान्यात. बसवायला तू गेलास. मी त्या दिवशी वाणगावला होते.

त्या कारखान्याची लॅब तुला माहीत आहे, वाचणाऱ्यांना नसेल. रंगाची पूड तिथे हवेतच असते. डोळ्यांना दिसत नाही, पण घाम पुसला की रुमाल गुलाबी निघतो. म्हणून तिथे सगळं झाकून ठेवायची पद्धत. तराजूवर कापड, टेलिफोनवर कापड, पाण्याच्या माठावर, जेवणाच्या डब्यांवर, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा प्लास्टिकची पिशवी. जुना कॉम्प्युटर तर सहा बाजूंनी पांघरून बसवलेला असायचा, पडद्यापुरती खिडकी ठेवून, आणि तो तसाच बिनतक्रार चालायचा. रंगाच्या कारखान्यात जी वस्तू उघडी ती मेली, हे तिथल्या झाडूवालीलाही ठाऊक.

ते मशीन चालवायची हेमलता. नवापूरच्या मांगेलआळीतली मुलगी, आई बोईसरच्या बाजारात सुकी मच्छी विकते. गिऱ्हाइकाने दिलेला कापडाचा तुकडा ती यंत्राला दाखवायची, कॉम्प्युटर कुठला रंग किती घालायचा त्याची चिठ्ठी छापून द्यायचा, आणि ती चिठ्ठी रंग कालवणाऱ्यांकडे जायची. तिच्या आळीत खुर्चीवर बसून नोकरी करणारी ती पहिली. धाकट्या बहिणीलाही त्याच लॅबमध्ये लावायचं घरात ठरत होतं.

नवं मशीन बसवलं आणि तू तिला म्हणालास, "हेमलता, याला मस्त झबलं शिव. अगदी घट्ट. कुठे फट राहता कामा नये, नाहीतर रंग जाईल आत." तिने शिवलं. चांगल्या जाड कापडाचं, मागे नाड्या लावून. तू कौतुक केलंस.

मग मशीन दुपारी दुपारी बंद पडायला लागलं. बंद पडायचं, आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, आणि सुरू होताना कधीकधी आधीच्या रंगाचे आकडे नव्या रंगाच्या नावाखाली छापून मोकळं व्हायचं. शाळेच्या गणवेशाचं गडद निळं कापड जांभळट होऊन बाहेर पडलं, तेही थोडंथोडकं नाही. कारखान्याचे शेठ संतापले. तुला बोलावलं. तू गेलास, मशीन पाहिलंस, केबिनमध्ये गेलास आणि बाहेर आलास. दुसऱ्या दिवशी हेमलताला घरी बसवलं.

हे तू मला सांगितलं नाहीस. मला कळलं ते ती दुकानाच्या पायरीवर येऊन बसली तेव्हा.

"मी नाय चुकले, मॅडम," ती म्हणाली. रडत नव्हती, चिडलेली होती. "तो मदीच बंद पडायचा. चालू झाला का चिठ्ठी छापायचा. चिठ्ठीवर जा हाय ता मी दिला. रोज देते तसा."

"शेठना सांगितलंस?"

"सांगितला ना. ते बोलले, विनायकभाईला विचारतो. विनायकसाहेब आले, आत गेले. भायेर आले ते माज्याकडे बगलापन नाय."

मी तडक कारखान्यात गेले. शेठ माझ्याशी नेहमीसारखेच अदबीने बोलले. "विनायकभाई ने साफ बोल दिया, बहेनजी. मशीन में कोई खराबी नहीं. जो डालोगे वही निकलेगा. तो डाला किसने?"

मी लॅबमध्ये गेले. झबल्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला, इतकं तापलं होतं. नाड्या सोडल्या, कापड काढलं. पंखा रंगाच्या नव्हे, झबल्याच्याच सुतांनी भरलेला. मशीन उघडं ठेवून दुपारभर चालवलं, एकदाही बंद पडलं नाही. पुन्हा झबलं घातलं. थोड्या वेळात धाडकन बंद. शेठना बोलावून दाखवलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "आप का देखना एक बात, विनायकभाई का बोलना दूसरी बात. उनको बोलने दो, मैं मान लूँगा." मी निघाले आणि लॅबवाल्यांनी झबलं परत चढवलं. त्यांचंही काय चुकलं? तू सांगितलं होतंस ना.

म्हणून मी सरावलीला तुझ्या घरी आले. तू ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसला होतास. आत तुझी बायको शैला तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती.

"झबलं तू घालायला सांगितलंस," मी म्हणाले.

"हो, सांगितलं. मग? जुन्यालाही होतंच की."

"हे जुनं नाही. मी तुला दाखवलं होतं, गरम होतं म्हणून."

"दाखवलं होतंस. विसरलो. झालं?"

"नाही झालं. हेच शेठसमोर जाऊन म्हण."

तू हसलास. "मशीन बसवायची मला अक्कल नाही, असं स्वतःच्या तोंडाने सांगू? उद्या अख्ख्या वसाहतीत होईल."

"पोरीचं झालंय अख्ख्या वसाहतीत."

तू पेपरची घडी केलीस, जरा विचार केलास, आणि तुझा चेहरा उजळला. तुझा चेहरा असा उजळला की मला धास्तीच वाटायची. "असं करतो," तू म्हणालास. "चिप चुकली म्हणून सांगतो. सगळ्यांनी ऐकलेलंच आहे. शेठना पटेल, पोरगी सुटेल, मीही सुटेन. कोणाचं काही जात नाही."

"चिप चुकलेली नाही. मी तपासली आहे."

"ते तुला माहीत, मला माहीत. शेठला कोण सांगायला जातंय?"

"मी."

तू पेपर बाजूला ठेवलास. मग म्हणालास, "खरं सांग सुनंदा, तुला पोरगी सोडवायची आहे, का मला नाक घासायला लावायचंय?"

"दोन्ही," मी म्हणाले.

हे उत्तर तुला झोंबलं, मला दिसलं. नंतर तू चार लोकांत सांगितलंसही, की सुनंदाच्या हट्टापायी त्या पोरीचं अडलंय. म्हणून इथे लिहिते. चिप चुकली असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? शेठनी नवी चिप बसवून मागितली असती. तीही झबल्यात गेली असती, तीही तापली असती, आणि पुढचा रंग चुकला की म्हणाले असते, आता तर चिपही बदलली, म्हणजे पोरगीच. त्या दिवशी ती सुटली असती आणि महिन्याभराने कायमची अडकली असती. शिवाय ती काही चिपच्या मेहरबानीने सुटायला आली नव्हती. तिची चूक नव्हती. तेवढंच तिला हवं होतं.

"जाईन," तू शेवटी म्हणालास. "जाऊन सांगेन. म्हटलं ना."

मग शेठ गावाला गेले होते. मग त्यांच्याकडे लग्न होतं. मग तुझ्या पाठीत उसण भरली. मग शेठचा मूड बरा नव्हता, जसा काही त्यांचा मूड तू दारातून हुंगून येत होतास. इकडे हेमलता दुसऱ्या कारखान्यांच्या दारात जाऊन आली. वसाहतीतले मालक एकमेकांशी बोलतात. एका लॅबवाल्याने तिला विचारलं, "निळ्याचं जांभळं करणारी ती तूच ना?" बहिणीचा तर अर्जसुद्धा घेतला नाही. ती आईशेजारी बाजारात बसायला लागली. आळीतल्या बायका येताजाता म्हणायच्या, "खुर्ची मोडली वाटतं गो?"

सुक्या बोंबलांच्या टोपलीमागे ती दिसली की तू रस्ता बदलायचास. मी पाहिलंय. म्हणजे लाज तुला होती, विनायक. नुसती बाळगलीस, वापरली नाहीस. तिच्या जागी आणलेल्या मुलाकडूनही रंग चुकले. त्याला कोणी काढलं नाही. म्हणाले, नवीन आहे, शिकेल.

आणि मग एक दिवस वसाहतीतल्या रस्त्याच्या कडेला तू स्कूटर नीट स्टँडवर लावलीस आणि तिच्याच शेजारी खाली बसलास ते उठलाच नाहीस. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, कोणाची तरी वाट बघतोयस.

लोक शैलाला म्हणाले, ते रंगाच्या कारखान्याकडेच चालले होते बहुतेक. मलाही येऊन सांगितलं, मला बरं वाटावं म्हणून. तो रस्ता रंगाच्या कारखान्याकडे जातो तसा तुझ्या पत्त्यांच्या अड्ड्याकडेही जातो. मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे.

मला तुझी आठवण येते का, असं कोणी विचारलं नाही. विचारलं तर सांगेन, येते. परवा एक गिऱ्हाईक सांगत होतं की दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार. मी त्याला त्यातलं किती खरं आणि किती नाही ते समजावून सांगितलं. तो ऐकून गेला, त्याला काही मजा आली नाही. तू असतास तर संध्याकाळपर्यंत बोईसरभर विमानं खाली पाडली असतीस आणि मी तुझ्यावर ओरडले असते. दुकान हल्ली फार शांत असतं. मला काम करायला शांतता लागते असं मी तुला वर्षानुवर्षं सांगत आले. मिळाली. काम काही जास्त होत नाहीये.

पण शोकसभेचं सांगते, कारण तू नव्हतास आणि तुला ते ऐकायला हवं.

हॉल भरला होता. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. शेठही उठले. म्हणाले, "विनायकभाई की जबान पर मैं लाखों का धंधा करता था. मेरे यहाँ लड़की ने माल बिगाड़ा, तब भी इन्होंने मुँह देखी बात नहीं की. साफ बोले, मशीन ठीक है." तुझ्या खरेपणाचा दाखला म्हणून त्यांना नेमकी हीच गोष्ट आठवावी!

हेमलता मागे दाराशी उभी होती. आली होती. माणूस गेला की जायचं असतं, एवढंच तिला माहीत. शेठनी तिला पाहिलं नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी मात्र वळून पाहिलं.

मी उठले. मला भाषण येत नाही. मी म्हणाले, मशीन ठीक नव्हतं. ते घट्ट झाकून ठेवायला विनायकने सांगितलं होतं, म्हणून तापून बंद पडत होतं. मुलीने काही बिघडवलं नाही. हे त्याला माहीत होतं आणि येऊन सांगेन असं त्याने मला कबूल केलं होतं.

"ताई, आज नको," कोणीतरी म्हणालं. "घरची माणसं समोर बसलीत," दुसरं कोणी म्हणालं. शेठ दुखावल्यासारखे झाले. "बहेनजी, गए हुए आदमी का नाम क्यों खराब करती हो? वो जवाब देने को है क्या?"

खरंच होतं ते. माझ्या एकटीच्या बोलण्याची किंमत आधीच झालेली होती, आणि तू तर तसबिरीत हसत बसला होतास.

"मी आहे ना," शैला म्हणाली.

ती पुढच्या सतरंजीवर बायकांमध्ये बसली होती. उठली नाही, फक्त पदर सावरला. आवाजही चढवला नाही, म्हणून हॉल आपोआप गप्प झाला. "त्या दिवशी मी आत भाकऱ्या भाजत होते, सगळं ऐकू येत होतं. कापड मीच घालायला सांगितलं, असं हे सुनंदाताईंना म्हणाले. पोरीची चूक नव्हती. जाऊन सांगतो म्हणाले होते. राहिलं."

तू गेल्याला पंधरवडाही झाला नव्हता. शेजारच्या बाईने तिचा हात दाबला, गप्प बस म्हणून. तिने तो हात काढून घेतला.

शेठनी हात जोडले. "भाभी बोल रही हैं तो बात खतम." बघ, विनायक. मी हात पोळून घेऊन समोर करून दाखवलं ते पुरलं नाही. तुझ्या बायकोने सांगितलं ते पुरलं, आणि तेही ती तुझी बायको म्हणून. याचाही मला राग आहे, पण तो तुझ्यावर नाही, निदान सगळा तरी नाही.

शेठचा माणूस दुसऱ्याच दिवशी नवापूरला गेला. हेमलताने त्याला सांगितलं, "मी येईन. पन ज्यांच्यासमोर मला काढली, त्यांच्यासमोर बोलायचा, का माजी चूक नव्हती." शेठना ते रुचलं नाही. दोन दिवस कोणी फिरकलं नाही. मग मॅनेजरने लॅबमधल्या सगळ्यांना उभं केलं आणि खाली बघत का होईना, ते वाक्य म्हटलं. ती खुर्चीवर बसली. मी मशीन शेजारच्या कोरड्या खोलीत हलवलं आणि भिंतीला भोक पाडून केबल ओढली. एवढंच करायचं होतं. तू सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी केलं असतं.

काल मी सरावलीला गेले होते. शैलाने चहा केला. म्हणाली, "सगळे म्हणतात, वेळ मिळाला असता तर हे गेले असते सांगायला."

मी कप खाली ठेवला. "मला नाही वाटत, शैला."



"मलाही नाही वाटत," ती म्हणाली. "पण हे तसे होते, ते त्या पोरीने का भोगायचं?"